कर्ता गेल्यावरचे पहिले नाटक



मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा माणसांची नावे सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्कर, भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले. शाळेच्या पुस्तकांत हीच नावे येतात, स्नेहसंमेलनाच्या भाषणांतही हीच येतात, आणि ते योग्यच आहे. पण एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ही माणसे गेल्यावर त्यांच्या नाटक मंडळ्यांचे काय झाले? ज्या गळ्यावर तिकिटे खपत होती तो गळाच बंद पडला, तर त्यानंतर पडदा कोणी वर केला, आणि कोणत्या नाटकावर केला? आज मी तुमच्याशी या एका प्रश्नासंबंधी बोलणार आहे.

हा प्रश्न नुसत्या नाटकवाल्यांचा आहे असे समजू नका. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल. त्याचा बुवा गेला की पुढच्या एकादशीला काय होते, हे तुम्ही पाहिले असेल. कधी टाळ खुंटीला लागतात ते लागतातच. कधी बुवांचाच मुलगा किंवा शेजारचा एखादा पोरगा पुढे बसतो, पहिले दोन महिने लोक कुजबुजतात, आणि तिसऱ्या महिन्यात मागे साथ धरतात. तमाशाच्या फडाचे असेच, लेझमीच्या पथकाचे असेच. आणि शिक्षक मित्रांनो, एखाद्या हौशी मास्तरांची बदली झाल्यावर शाळेच्या गायनवर्गाचेही असेच. एक ठिकाण मोडते आणि दुसरे उभे राहते, याचे कारण काय? नशीब म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण इतिहास चाळून पाहिला तर नशिबापलीकडचे काही हाती लागते.

मी हे कोल्हापुरातल्या शाहूपुरीत बसून लिहितो आहे. कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनाला लागून असलेली ही पेठ. शाहू महाराजांनी ती व्यापारासाठी वसवली, आणि पुढे गुळाची पेठ म्हणून तिचे नाव झाले. मिरज ते कोल्हापूर ही आगगाडी १८९१ साली सुरू झाली. त्यानंतर गुळाच्या रव्यांची ये-जा जशी स्टेशनावरून होऊ लागली तशी नाटक मंडळ्यांचीही होऊ लागली. गुंडाळलेले पडदे, पोशाखांच्या पेट्या, पायपेटी, स्वयंपाकाची भांडी आणि मागून डोळे चोळीत उतरणारी पोरे, असा तो संसार असे. फिरती नाटक मंडळी म्हणजे चालते-बोलते एकत्र कुटुंब. पुष्कळ मंडळ्यांत रोज पन्नासाहून अधिक पाने उठत. आचारी वेगळा, पडदे रंगवणारा वेगळा, नटांना तालीम देणारा वेगळा, हिशेब ठेवणारा वेगळा. ह्या सगळ्यांची चूल शेवटी एकदोन माणसांच्या गळ्यावर पेटत असे. म्हणून कर्ता नट गेला की दुःख तर होईच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्यापुढे तांदळाचा प्रश्नही उभा राही.

आता कोणी म्हणेल, एक गवई गेला तर दुसरा आणावा, त्यात काय मोठेसे? पण तसे होत नाही. नाटकातल्या पदाची चाल ही अंगरख्यासारखी असते. ती एका अंगाच्या मापाने शिवलेली असते. गाणाऱ्याची पट्टी कोणती, त्याचा आवाज वरच्या सप्तकात कोठवर सुखाने जातो, तान दाणेदार पडते की गोळीबंद, तो शब्द स्पष्ट टाकतो की सुरात बुडवतो, हे सारे पाहून चाल बसवतात. साथीदार त्याच्या सवयी ओळखून असतात. तबलजीला त्याची सम कळते, पायपेटीवाल्याला त्याचा दम कळतो. नवा गाणारा आला की पट्टी बदलते आणि पट्टी बदलली की चालीचा तोल बदलतो. त्यावर आणखी एक अडचण असते. पिटातल्या प्रेक्षकाच्या कानात जुना आवाज घर करून बसलेला असतो. नवा नट गाऊ लागला की तो प्रेक्षक एका कानाने त्याचे ऐकतो आणि दुसऱ्या कानाने गेलेल्याचे.

ह्या अडचणीतून मराठी नाटक मंडळ्यांनी कसा मार्ग काढला, याची तीन उदाहरणे मी तुमच्यापुढे ठेवतो. तिसरे उदाहरण कोल्हापूरच्या माणसाचे आहे आणि माझा सगळा भर त्याच्यावर आहे. पण ते समजायला पहिली दोन पाहणे जरूर आहे.

पहिले उदाहरण किर्लोस्कर मंडळीचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ झाले आणि संगीत नाटकाचा खरा ओघ सुरू झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः बेळगाव भागातले. त्यांच्या चालींत कानडी मुलखाचे वळण होते, कीर्तनातली साकी-दिंडी होती, बायकांच्या ओव्यांचा आणि लावणीचा ठसका होता. आजच्या भाषेत ज्याला आपण निरनिराळ्या संगीताचा मिलाफ म्हणतो, तो आपल्या रंगभूमीने त्याच वेळी करून दाखवला. १८८२ साली भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. पण लगेच १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब वारले. त्यांचे ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. लिहिणारा, बसवणारा, चाली देणारा आणि मंडळी चालवणारा असा एकच माणूस, आणि तोच गेला.

तरी किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. का? कारण अण्णासाहेबांच्या हाताखाली तयार झालेला गोविंद बल्लाळ देवल हा माणूस होता. नटांना तालीम देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भाऊरावांसारखा गळा होता. देवलांनी ‘मृच्छकटिक’ दिले, पुढे १८९९ साली ‘शारदा’ दिले. मधल्या काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’ने पारशी रंगभूमीच्या उडत्या चाली मराठीत आणल्या. म्हणजे मंडळीने अण्णासाहेबांची नाटके तर चालू ठेवलीच, पण अण्णासाहेबांनी कधी केले नसते असेही काही केले. ‘शारदे’त राजा नाही, ऋषी नाही, म्हाताऱ्या नवऱ्याला विकली जाणारी एका भिक्षुकाची पोर आहे.

मग १९०१ च्या फेब्रुवारीत भाऊराव गेले. या वेळी धक्का मोठा होता. चार वर्षे मंडळीने कशीबशी काढली. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला. हेच बालगंधर्व. या मुलाच्या कानाचे दुखणे होते, त्यावर मिरजेत उपचार व्हावेत याची तजवीज शाहू महाराजांनी केली, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. नव्या गळ्याबरोबर मंडळीला नवा बहर आला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांचे ‘मानापमान’ झाले. त्याच्या चाली आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पायपेटीचे बादशहा. त्यांनी पूरब अंगाची ठुमरी, कजरी असले प्रकार नाट्यपदांत आणून बसवले. धैर्यधर झाले होते नानासाहेब जोगळेकर. त्याच वर्षी जोगळेकर वारले, आणि १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे हे तिघे बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

किर्लोस्कर मंडळीवरचा हा तिसरा घाव. तिने हातपाय गाळले नाहीत. दीनानाथ मंगेशकर नावाचा एक तेजस्वी मुलगा तिला गोव्याकडून मिळाला. पण १९१८ साली तोही आपल्या सोबत्यांसह बाहेर पडला आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीला पहिले दिवस पुन्हा आले नाहीत. पहिल्या धक्क्याच्या वेळी घरात देवल होते. तिसऱ्या धक्क्याच्या वेळी घरात एक मोठे नाव होते, गडकऱ्यांसारख्या नाटककाराचे सहाय्यही होते, पण मंडळीचा भार अंगावर घेऊन बसणारा माणूस नव्हता. गळा मिळाला, कणा मिळाला नाही.

दुसरे उदाहरण गंधर्व मंडळीचे. ती निघाली तीन भागीदारांवर. थोड्याच वर्षांत टेंबे तिच्यातून निघाले आणि त्यांनी आपली शिवराज मंडळी काढली. म्हणजे ज्याने ‘मानापमाना’च्या चाली बांधल्या तोच गेला. आता नव्या नाटकाला चाली कोण देणार? बालगंधर्वांनी भास्करबुवा बखल्यांकडे धाव घेतली. बुवा त्यांचे गुरुजी. ख्यालाचे गाणे ज्यांनी तीन घराण्यांच्या उस्तादांपाशी बसून मिळवले, असा हा विद्वान गवई. १० डिसेंबर १९१६ रोजी ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. ‘मानापमाना’ची नक्कल करायची असती तर ती सहज झाली असती, लोकांना तेच हवे होते. बुवांनी तसे केले नाही. त्यांनी ख्यालातल्या बंदिशींचा आधार घेऊन पदे बांधली आणि रागदारी सरळ नाटकगृहात आणली. टेंब्यांच्या चालीत नखरा होता, बुवांच्या चालीत भारदस्तपणा आला. दोन्ही नाटके आजही गातात. कोणते सरस याचा निकाल मी करीत नाही. सांगायचे इतकेच की टेंबे गेल्यामुळे पडलेली जागा टेंब्यांसारख्या माणसाने भरली गेली नाही. ती जागा तशीच सोडून घराचा दरवाजा दुसऱ्या बाजूला काढला गेला.

आता तिसरे उदाहरण, केशवराव भोसले यांचे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापुरातला. घरची गरिबी. शाळेत बसून शिकण्याचा योग आला नाही. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि ‘शारदे’तल्या शारदेच्या भूमिकेने पोरवयातच गाजले. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना मिळाली. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. आवाज पल्लेदार, तान चपळ, आणि गाण्यात एक प्रकारची लढाऊ धार. खासबागेच्या उघड्या मैदानात हजारो लोकांपुढे ध्वनिक्षेपकावाचून त्यांचे गाणे शेवटपर्यंत ऐकू जाई, ही आठवण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

पण त्यांच्या गळ्याची थोरवी गाताना त्यांच्या दुसऱ्या गुणाकडे आपले दुर्लक्ष होते. ह्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या माणसाने आपल्याभोवती कोणती माणसे जमवली ते पाहा. हिराबाई पेडणेकर ह्या नाटक लिहिणाऱ्या पहिल्या मराठी बाईंपैकी एक. त्यांचे ‘दामिनी’ नाटक रंगभूमीवर आणायला इतर मंडळ्या कचरत असताना ललितकलादर्शने ते केले. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केले. पोस्टात नोकरी करणाऱ्या भार्गवराम विठ्ठल वरेरकरांना, म्हणजे पुढे सर्वांच्या मामा वरेरकरांना, त्यांनी लिहिते ठेवले. ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचे नाटक आणि ‘संन्याशाचा संसार’ हे धर्मांतराच्या प्रश्नावरचे नाटक ही केशवरावांच्या हयातीतली. पडदे आणि देखावे यांसाठी पु. श्री. काळे यांच्यासारखा जाणता चित्रकार मंडळीत होता. आणि गाणाऱ्यांत होते व्यंकटेश बळवंत पेंढारकर, म्हणजे बापूराव. म्हणजे केशवरावांच्या पायाशी नुसता शिष्यपरिवार नव्हता. त्यांच्या घरात लेखक, चित्रकार, गवई आणि कारभारी एकत्र जेवत होते.

१९२१ साल उजाडले. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी गेले होते आणि त्यांच्या नावाने गांधीजींनी स्वराज्य फंड उभारायला घेतला होता. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन मंडळ्यांचे दोन मालक एका रंगभूमीवर उभे राहिले, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती. मराठी नाटकाच्या इतिहासात त्या रात्रीसारखी रात्र विरळा. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

आता ललितकलादर्शचे काय? केशवरावांनी जाण्यापूर्वी मंडळी बापूरावांच्या हवाली केली होती. हा निर्णय मला त्यांच्या कोणत्याही तानेइतकाच मोठा वाटतो. आपल्याकडे वारसा रक्ताने द्यायची रीत. त्यांनी तो कामाने दिला. जो माणूस मंडळीचे ओझे वाहू शकेल त्याच्या खांद्यावर ते ठेवले.

बापूरावांची अडचण समजून घ्या. वय एकोणतीस. डोक्यावर मंडळीचा खर्च. घरी अर्भक, त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांचा जन्म त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरचा, म्हणजे केशवराव गेल्यावर सात आठवड्यांनी. समोर बालगंधर्वांची मंडळी भर वैभवात, बाजूला तरुण दीनानाथांची मंडळी चढत्या पायरीवर. आणि प्रेक्षकांच्या कानात केशवराव अजून गात होते. बापूरावांपाशी गोड गळा होता, पण तो केशवरावांचा गळा नव्हता, आणि हे सर्वांच्या आधी त्यांना स्वतःला ठाऊक होते.

अशा वेळी सोपा मार्ग कोणता? केशवरावांची जुनी नाटके केशवरावांसारखीच गाऊन दाखवावी, जाहिरातीत त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत छापावे, आणि लोकांच्या हळहळीवर चार वर्षे काढावीत. तसे केले असते तर कोणी नाव ठेवले नसते. जुनी नाटके बापूरावांनी सोडली नाहीत, ती पोटाची होती. पण १९२२ साली त्यांनी वरेरकरांचे नवे नाटक उचलले, ‘सत्तेचे गुलाम’. नायकाची भूमिका स्वतः केली.

ते वर्ष ध्यानात घ्या. असहकाराची चळवळ पेटलेली, मार्चमध्ये गांधीजींना पकडून सहा वर्षांची शिक्षा झालेली. अशा वेळी ज्या नाटकावर गांधीयुगाची छाया स्पष्ट आहे, ज्याच्या नावातच सत्तेपुढे वाकणाऱ्यांना टोला आहे, ते नाटक एका डळमळत्या मंडळीने करायचे, हे धाडस होते. नाटक आपल्याच काळातले, माणसे आपल्याच घरांतली, बोलणे रोजचे. काळ्यांनी ललितकलादर्शच्या रंगभूमीवर राजवाड्यांच्या आणि बागांच्या ठराविक पडद्यांऐवजी खऱ्याखुऱ्या घरासारखे देखावे उभे केले. पदे होती, पण नाटक पदासाठी थांबत बसावे ही जुनी चाल कमी झाली. ज्या मंडळीचा डोलारा एका गळ्यावर उभा होता, तिने तो भार आता विषयावर, लिहिण्यावर आणि देखाव्यावर वाटून टाकला.

आणि इथेच मुद्दा आहे. हा नवा रस्ता बापूरावांनी आकाशातून आणला नव्हता. वरेरकर केशवरावांचेच, काळे त्यांच्या वेळचेच, सामाजिक प्रश्नांवरची नाटके त्यांनीच सुरू केलेली, आणि स्वराज्य फंडासाठी गायलेले त्यांचे शेवटचे मोठे गाणे तर लोक अजून विसरले नव्हते. केशवरावांनी जो रस्ता अर्धा चालून ठेवला होता त्यावर बापूराव पुढे चालले. गळा मात्र त्यांनी आपलाच वापरला. पुढच्या वर्षी, १९२३ साली, ‘तुरुंगाच्या दारात’ आले. त्यात अस्पृश्यतेचा प्रश्न होता. १९३२ साली ‘सोन्याचा कळस’ आले. त्यात गिरणी कामगार होता. केशवराव जगते तर त्यांनी हीच नाटके केली असती का, हे कोणी सांगावे? पण त्यांच्या घरातून ती निघाली, हे खरे.

यात काही गमावले नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांनी केशवरावांना ऐकले होते त्यांना बापूरावांच्या नाटकांत ती धार सापडली नाही, आणि ती पुन्हा कोठे सापडलीही नाही. माणूस गेला की काही गोष्टी जातात त्या जातातच. ‘मंडळी टिकली’ ह्या वाक्याने ती उणीव भरून निघत नाही. म्हणूनच गेलेल्याची हुबेहूब नक्कल करण्यात अर्थ नसतो. नक्कल ऐकताना उणीव अधिकच खुपते. नवे काही ऐकताना ती निदान क्षणभर विसरता येते.

इंग्लंडातल्या एका मंडळीची हकीकत याच जातीची आहे. शेक्सपिअर १६१६ साली वारला. हॅम्लेट, लिअर अशा भूमिका ज्याच्यासाठी त्याने लिहिल्या तो नट रिचर्ड बर्बेज १६१९ साली वारला. तीन वर्षांत लिहिणारा गेला आणि करणाराही गेला. मंडळीने जोसेफ टेलर नावाचा नट आणून बर्बेजच्या भूमिका त्याच्याकडे दिल्या आणि प्रयोग चालू ठेवले. आणि त्याच मंडळीतल्या हेमिंग्ज आणि काँडेल या दोघा जुन्या नटांनी शेक्सपिअरची नाटके गोळा करून १६२३ साली मोठ्या ग्रंथात छापली. त्यांतली सुमारे निम्मी नाटके त्यापूर्वी छापलीच गेली नव्हती. ती दोन माणसे स्वस्थ बसती तर ‘मॅकबेथ’ किंवा ‘टेम्पेस्ट’ आज आपल्या हाती कदाचित नसते. मंडळी टिकण्यात नुसती पोटाची सोय नसते. गेलेल्या माणसाची आठवण कोणीतरी कामाला लावते, तेव्हाच ती पुढच्या पिढीला पोचते.

आता ललितकलादर्शची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ झळकला. मराठीतला पहिला बोलपट. त्यात राजा हरिश्चंद्र झाले होते आणि संगीतही दिले होते गोविंदराव टेंब्यांनीच. ज्याने नाटकाच्या चाली बांधल्या तोच आता बोलपटात गात होता, यावरून वारे कोणीकडे वळले ते ओळखा. फिरत्या मंडळ्यांना ते दिवस फार जड गेले. खुद्द बालगंधर्वांना १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहावे लागले. बापूरावांनी आपली मंडळी शक्य तोवर ओढली आणि १५ मार्च १९३७ रोजी तेही गेले. या खेपेस ललितकलादर्शचा पडदा खाली आला आणि काही वर्षे तसाच राहिला.

मंडळी संपली, असेच कोणीही म्हटले असते. पण केशवरावांच्या मृत्यूच्या वर्षी जन्मलेला तो मुलगा आता मोठा झाला होता. भालचंद्र पेंढारकरांनी पुढच्याच दशकात मंडळी पुन्हा उभी केली. १९५७ साली बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणले, १९६० साली विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आणले. संगीत नाटक मेले, असे जाणते लोक सांगत असताना गावोगावचा प्रेक्षक ती नाटके ऐकायला रात्र-रात्र बसला. तुमच्यापैकी काहींच्या वडीलधाऱ्यांनी ती पाहिली असतील. भालचंद्ररावांनी आणखी एक काम केले. जुन्या नाटकांच्या, नटांच्या आवाजांच्या ध्वनिफिती त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या आणि जपल्या. हेमिंग्ज आणि काँडेल यांची आठवण व्हावी असेच हे काम. ११ ऑगस्ट २०१५ रोजी ते वारले. हुबळीला एका सतरा वर्षांच्या पोराने काढलेल्या मंडळीने त्याआधी, २००८ साली, शंभर वर्षे पुरी केली होती. त्यांपैकी केशवरावांच्या वाट्याला आली होती तेरा वर्षे आणि काही महिने.

हा हिशेब मांडला म्हणजे तीन उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. कर्ता गेल्यावरचे पहिले नाटक कसे होणार, हे कर्ता असतानाच ठरत असते. त्याने आपल्याभोवती फक्त कौतुक करणारे जमवले असतील तर पुढे काही नाही. त्याने आपल्याहून वेगळ्या गुणांची माणसे जमवली असतील, त्यांना आपल्या डोळ्यांदेखत चुका करू दिल्या असतील, आणि जाताना किल्ल्या योग्य हातात ठेवल्या असतील, तर घर उभे राहते. अण्णासाहेबांनी देवल ठेवले. केशवरावांनी बापूराव, वरेरकर आणि काळे ठेवले. मागे राहिलेल्यांचे कर्तव्यही यातच आले. गेलेल्याचे नाव घ्यावे, पण त्याचा आवाज काढू नये.

शेवटी कोल्हापुरातली एक गोष्ट. युरोपची रंगभूमी पाहून आलेल्या शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबागेजवळ पॅलेस थिएटर बांधवले. १९५७ साली त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. छप्पर गेले, रंगमंच गेला, दगडी भिंती राहिल्या. दुसरा दिवस उजाडला तो केशवरावांच्या जयंतीचा. माणसे रस्त्यावर उभी राहून रडली, त्यांत ज्यांनी केशवरावांना ऐकले होते असा एकही असणे शक्य नव्हते. शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गळ्यासाठी लोकांच्या डोळ्यांत पाणी आले ते कोणामुळे? मधल्या काळात ज्यांनी त्याचे काम चालू ठेवले त्यांच्यामुळे. शेक्सपिअरच्या मंडळीचे ग्लोब थिएटरही १६१३ साली जळाले होते आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा बांधले गेले. भिंती बांधायला पैसा लागतो, तो मिळतो. आत पडदा वर करणारे हात मात्र आधीपासून तयार असावे लागतात.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, आणि गावोगावच्या भजनी मंडळांच्या, फडांच्या, पथकांच्या चालकांनो, तुम्हांला माझी एक विनंती आहे. ह्या आठवड्यात एक वही घ्या. आपल्या मंडळात आज कोण कोण आहे, कोणाला कोणते काम येते, आणि ते काम त्याच्याशिवाय आणखी कोणाला येते, हे लिहून काढा. तिसऱ्या रकान्यात जिथे नाव सापडणार नाही, तिथे उद्यापासून एक पोर बसवा. पहिले काही दिवस ते बेसूर गाईल. गाऊ द्या.